मागच्या चाकाचं बेरिंग

कुंदन,

मागचं चाक मी खोललंय. बेरिंग शोधत बसू नको. ते आपल्याच कापड कारखान्यातल्या सात नंबरच्या लूमच्या मोटरीचं होतं. लूम दुरुस्त करणाऱ्या मास्तरनं लावलेली हिरव्या रंगाची खूण तरी पुसायचीस.

बंद लूमकडे कोण बघतंय, असं वाटलं तुला. काल दिवसपाळीत शेठनं तोच चालू करायला सांगितला. मी मोटर उघडली तर आत बेरिंग नाही. संध्याकाळी घरी आलो तर ते तुझ्या भंगारातून आणलेल्या राजदूत मोटरसायकलमध्ये, आणि तू रात्रपाळीला गेलेला.

शेठच्या घरी जाऊन परत दिलं. मीच काढलं, असं सांगितलं. तुझं नाव घेतलं असतं तर उज्ज्वलाच्या घरच्यांनी तुमचं लग्न मोडलं असतं. शेठनं मला कामावरून काढलं.

मी शहराबाहेर इच्छापोरला काम बघायला चाललो, तिकडेच राहीन. पाळीपाळीनं झोपायचो ती खाट आता दिवसरात्र तुझीच. महिनाभर सिनेमे बंद कर आणि बेरिंग विकत घे.

गाडी झाली की दादाला मागे बसवीन, म्हणायचास. लग्नाला येईन मी. पण गाडी घेऊन मला आणायला येऊ नको. पायी येईन.

राघो