रिकाम्या चौकटी

१२ नोव्हेंबर १९७८, सेलू

माझ्या हातांनी केलेलं, एकदा उतरवून ठेवतो. दाढीच्या दोन ब्लेडी समोरासमोर बसवून केलेली फट. बॉक्स कॅमेऱ्याचं शटर लावलेला दिव्याचा डबा. टूरिंग टॉकीजच्या भंगारातली भिंगं, पुन्हा घासून. पितळेची कुपी, आतून काजळी धरलेली, दोन बाजूंना काच. गोल काचेवर हिरकणीने ओढलेली चौकट. सूक्ष्मदर्शक तेवढा माझा नाही — वर्ध्याच्या एका शाळेने मोडीत काढलेला. पण त्याचा स्क्रू मीच नवा कातला.

आणि लाल पाणी. फोटोला छटा द्यायचं सुवर्णक्षाराचं औषध स्टुडिओत पडून होतं. ते उकळून लिंबूसत आणि सोड्याने फाडलं. पाणी आधी निळसर, मग डाळिंबाच्या रंगाचं. त्यात सोन्याचे कण आहेत, पण इतके बारीक की खाली बसत नाहीत आणि सरळ पाहिलं तर दिसत नाहीत. कौलातून आलेल्या कवडशात धूळ दिसते ना — तसा आडवा उजेड फटीतून सोडला की दिसतात. काळ्यावर ठिणग्या, सारख्या हलणाऱ्या.

पुस्तकं वाचून केलं. शिकवणारा कोणी नव्हता.

१९ नोव्हेंबर

मोजणी सुरू. शटर क्षणभर उघडायचं, चौकटीत किती ठिणग्या ते सांगायचं. चौकटीमागे किती पाणी आहे ते मला ठाऊक. पाण्यात सोनं किती तेही ठाऊक. सरासरी कण कळले की एका कणाच्या वाट्याला किती सोनं येतं ते निघतं, आणि त्यावरून त्याची जाडी.

माझे डोळे पाझरतात. म्हणून नलूला बसवलं. पोरगी बी.एस्सी. झाली आणि दुकानात निगेटिव्हवरचे डाग झाकत बसते. नजर पक्की. ती सांगते, मी लिहितो.

"एक. दोन. काई नाई. एक. काई नाई. काई नाई."

थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, 'काई नाई' लिवून नाई राह्यले?"

म्हटलं, त्यात लिहायचं काय? शटर चुकलं असेल. कोरी निघालेली काच आपण गिऱ्हाइकाला देतो का? फेकतोच.

"फेकतो," म्हणाली. पुढे मोजू लागली.

२६ नोव्हेंबर

रूपराव भावाच्या लग्नाचे फोटो मागायला आले. अंधाऱ्या खोलीच्या दारातून विचारतात, "फोटोग्राफरसायेब, पोट्टं रांगाले लागन तवा देसान काय फोटो?" आनंदा लगेच आतून, "त्याइले पाण्यातलं सोनं मोजू द्या भाऊ. माह्या गळ्यातलं मोजाले वेळ लागत नाई!"

माझ्या बायकोला गिऱ्हाइकासमोर जरा जास्तच सुचतं.

३ डिसेंबर

झालं. सरासरी एक पूर्णांक तेहेतीस. कणाची जाडी तीनशे अँगस्ट्रॉम. एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग करायचे, त्यातले तीनशे. सेलूत, स्टेशनरोडवर, पत्र्याच्या छताखाली!

प्रभाकररावांना नागपूरला आकडा आणि त्याच लाल पाण्याची बाटली पाठवली. गेल्या साली केळझरच्या गणपतीला आले असता त्यांचा कॅमेरा अडकला, तो मी उघडून दिला. तेव्हापासूनची ओळख. त्यांच्या प्रयोगशाळेत हेच काम चालतं. मुंबईच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बाटलीतला थेंब धरतो म्हणाले होते. तिथे कणाची सावलीच छापून येते. मोजायला पट्टी लावायची फक्त.

धरा म्हणावं.

८ जानेवारी १९७९

अजून काही नाही.

२१ जानेवारी

प्रभाकरराव स्वतः आले. मुंबईचे फोटो दाखवले. काळे ठिपके, गोल, सुटे. जाडी माझ्यासारखी तीनशे नाही, तीनशेनव्वद.

मी म्हटलं, थेंब वाळवताना कण एकाला एक चिकटले असतील. ते म्हणाले, "चिकटलेले ओळखू येतात, ते वगळले." मी फट दाखवली, भिंगं दाखवली, चौकट पुन्हा मोजून दाखवली. सगळं बरोबर. त्यांनी तोंडभर कौतुक केलं. मग सहज विचारलं, "चौकट रिकामी आली की काय लिहिता?"

चहा घेऊन आलेली नलू म्हणाली, "शून्य तर बाबा लिवतच नाईत. निम्म्याहून जास्त येळा काईच नसते."

प्रभाकरराव कप खाली ठेवून तिच्याकडे पाहू लागले. रिकाम्या चौकटी टाकल्या तर सरासरी उगाच वाढते, कण जास्त वाटतात, मग प्रत्येकाच्या वाट्याचं सोनं कमी — कण बारीक. एवढं साधं. त्यांनी तिला यंत्रावर बसवलं. स्वतः शेजारी बसून ऐकलं. मध्येच तिने सांगितलं, "सर, दिवा तापला का कुपीतलं पाणी वाहाले लागते. तवा दम खावा लागते." हे मला कधी बोलली नव्हती. की बोलली होती?

निघताना ओट्यावर त्यांनी एक गोष्ट विचारली. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "घाई नाही, घरात बोला." मी म्हटलं, बोलायचं काही नाही.

२२ जानेवारी

आनंदा विचारते, "काय म्हणत होते ते ओट्यावर? नोकरीवर बलावत होते काय तुमाले?"

हो म्हटलं.

"अन् तुमी?"

नाही म्हणून सांगितलं, म्हटलं. दुपारपर्यंत गल्लीभर झालं. कवडू न्हावी दुकानात येऊन म्हणतो, "नागपूरले लाथ मारली म्हनते तुमी. वा!" त्याने दाढीचे पैसे घेतले नाहीत.

२८ जानेवारी

नलूला पुन्हा बसवलं. या वेळी शून्यं लिहिली. सरासरी शून्य पूर्णांक सहा. कण तीनशेनव्वदच्या आसपास. मुंबईच्या यंत्राने सांगितलेलं माझ्या पोरीने पत्र्याच्या खोलीत सांगितलं.

तिला दिव्याचा डबा नीट झाकला का, एवढंच विचारलं.

११ फेब्रुवारी

जामहून किसनराव आणि त्यांची बायको जयवंता नलूला बघून गेले. चौकात हॉटेल आहे त्यांचं, ट्रका थांबतात, धंदा चांगला. मुलगा गल्ल्यावर बसतो. माणसं वाईट नाहीत. आनंदाने पोरीचं कौतुक सांगताना सूक्ष्मदर्शकाचंही सांगितलं. जयवंताबाई हसल्या, "आमच्या इथं मोजाले ताटं लई हायेत. चुकली नाई म्हंजे झालं."

सगळे हसले. नलूही हसली. मी पण.

१४ फेब्रुवारी

नलूला विचारलं, पोरगं पसंत आहे का. निगेटिव्हवरची मान वर न करता म्हणाली, "तुमी आमच्यासाठी नागपूर सोडलं बाबा. मी काऊन आढेवेढे घेऊ?"

मला तेव्हाच बोलता आलं असतं. पेन्सिलीला टोक करत बसलो. चांगली होती पेन्सिल, अर्धी झाली.

६ मार्च

लग्न ठरलं. फोटो मी काढणार नाही. वर्ध्याचा माणूस बोलावला.

१९ एप्रिल

नलू काल जामला गेली. फाटकापर्यंत गेलो होतो. "डोळ्यात औषध टाकत जाजा," आईला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाली. मग हळूच, "कुपी धुतल्यावर उलटी ठेवत जा. धूळ बसते."

२५ एप्रिल

आज एकट्याने बसलो. नवं पाणी केलं, रंग मनासारखा. शटर उघडलं. एक होती की दोन? डोळ्यातलं पाणी पुसून पुन्हा डोळा लावला. ठिणग्या आहेत, पण माझ्यासाठी त्या आता पसरलेला उजेड आहेत. शेवटी काय दिसलं ते न बघता सवयीने 'एक' लिहिलं. मग खोडलं.

आनंदाने दार वाजवलं. "किती भरले?"

म्हटलं, काही नाही.

२ मे

लिहून टाकतो. प्रभाकररावांनी ओट्यावर मला नोकरी देऊ केलीच नव्हती. नलूला देत होते — कणांच्या मोजणीचं काम, मुलींच्या वसतिगृहात जागा, पुढे एम.एस्सी.ची सोय. महिना चारशे पंचवीस रुपये. मी तिला विचारलं नाही.