लाल लोकरीबाबत खरे ते

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, गल्लीत 'लोकरवाल्या बाई' म्हणून ओळखली जाणारी, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. उद्या सकाळी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर "बघू" एवढेच म्हणतात. मुलगा बाहेरच्या खोलीत दवाखान्याची पिशवी भरतो आहे. मी मृत्युपत्र लिहिते आहे हे त्याला ठाऊक आहे, आत काय आहे ते नाही.

१. राहते घर माझ्या एकुलत्या एका मुलाला. गेल्या महिन्यात त्याने तीनदा विचारले, "आई, मागची खोली पाडून गाडीला जागा करू का?" त्याचे उत्तर पुढच्या कलमात.

२. मागची खोली, तिथल्या चौदा काचेच्या टाक्या आणि त्यांतले शोभेचे मासे माझ्या धाकट्या बहिणीला, ती हयात असेपर्यंत. खोली पाडू नये. हे मासे पाण्यातल्या मुळांत अंडी घालतात. टाकीत मुळे कुठली, म्हणून आम्ही दोघी बहिणी लोकरीचे गोंडे करून विकत असू. पुठ्ठ्यावर लोकर गुंडाळायची, एका टोकाला आवळून बांधायची, दुसरे टोक कापायचे, वर बुचाचा तुकडा लावला की गोंडा तरंगतो. मासे त्यात शिरून एकेक अंडे चिकटवतात. सध्या तीन टाक्यांत अंडी आहेत. ती रोज बोटांनी वेचून वाडग्यात ठेवावीत. पांढरे पडलेले त्याच दिवशी काढावे, नाहीतर शेजारचेही नासते. मुलाला हे जमायचे नाही. त्याने एकदा अंड्यांसकट गोंडा पिळून वाळत घातला होता.

३. कात्री, पुठ्ठे, लोकरीचे खोके आणि लोकर उकळून तिचा कच्चा रंग काढायचे मोठे पातेलेही बहिणीलाच. आमची बोलचाल अकरा वर्षे बंद आहे. कारण लिहिते.

४. अकरा वर्षांपूर्वी माशांच्या एका घाऊक व्यापाऱ्याला दोन दिवसांत साठ गोंडे हवे होते. हिरवी लोकर संपली. बहिणीने लाल आणली आणि बजावले, "ताई, ही तीनदा उकळ. रंग सुटतोय." मी घाईत एकदाही उकळली नाही. व्यापाऱ्याच्या टाक्यांचे पाणी लाल झाले, मासे उलटे होऊन वर आले. तो दारात येऊन ओरडू लागला तेव्हा माझ्या तोंडून निघाले, "ते धाकटीचं काम." ती माझ्या मागेच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले, चपला घातल्या आणि गेली. मी हाक मारली नाही. पुढे मुलाला आणि नात्यागोत्यात तेच सांगत राहिले. मुलाने मावशीला आपल्या लग्नाला बोलावले नाही, तेव्हाही गप्प बसले. दोष सर्वस्वी माझा. हे कलम माझ्यामागे सर्वांसमोर मोठ्याने वाचावे.

५. त्या व्यापाऱ्याला माझ्या टाक्यांतला एकही मासा देऊ नये, फुकट नाही आणि विकतही नाही. त्याने धाकटीला माझ्या दारात शिवी दिली होती. दोष माझा असताना हा राग त्याच्यावर का, असे कोणी विचारील. विचारू दे.

६. इथवर लिहून समोरचे शिंपी आणि निवृत्त पोस्टमास्तर या दोघा साक्षीदारांना वाचून दाखवले. शिंपी म्हणाले, "बाई, हे मेल्यावर वाचायचं? मेलेल्या माणसाला कोण काय बोलणार? सोपं काढलंत." मला राग आला. मग मुलाला आत बोलावले आणि चौथे कलम मीच वाचले.

तो म्हणाला, "म्हणजे मावशीने काहीच केलं नव्हतं?"

"नाही."

"आणि तू मला इतकी वर्षं..." अर्धी भरलेली पिशवी तशीच टाकून त्याने गाडीची किल्ली उचलली.

"कुठे निघालास?"

"तिच्याकडे. यायचं की नाही ते तिचं ती ठरवेल."

त्याला जाऊन दीड तास झाला. फोन उचलत नाही. ती आली नाही तरी वरचा एकही शब्द बदलायचा नाही, हे मी पुन्हा लिहिते. आत्ता दारात गाडी थांबल्यासारखी वाटली. शिंपी खिडकीतून बघायला उठले, त्यांना मी खाली बसवले. कोण आले ते कळण्याआधी मला सही करायची आहे.

सही: लोकरवाल्या बाई, दस्तुरखुद्द
साक्षीदार: १. समोरचे शिंपी २. निवृत्त पोस्टमास्तर
ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, दुपारी पावणेचार