बाबाय नक्की कोण?

आदरणीय विहीणबाई झिनाईदा पावलोव्हना यांना रिफकातचा मनापासून सलाम.

तुम्ही आणि मी, दोघेही त्या अभागी जमातीचे, जिला नातवंडं फक्त सुट्टीपुरती मिळतात आणि वर पोराला कसं धरायचं याचे धडे स्वतःच्याच मुलांकडून घ्यावे लागतात. या अन्यायावर मी तासभर बोलू शकतो (गावच्या क्लबात हल्ली मला माईक देत नाहीत, तो भाग वेगळा). तुमचा गुडघा कसा आहे? इझेव्स्कला बर्फ फार पडलाय म्हणे, जपून चाला. इकडे सगळे खुशाल, माझ्याखेरीज.

घडलं असं. नवीन वर्षाच्या सुट्टीसाठी आमचा इलनूर आणि तुमची लारिसा आपल्या नातवाला, रेनातला, घेऊन आले. मी दाढी विंचरून, नवी टोपी घालून फाटकाशी उभा. तुमची विहीण राशिदा आनंदाच्या भरात ओरडली, "धाव रे सोन्या, बघ, बाबाय आलाय तुला न्यायला!" आम्हा तातारांच्या भाषेत बाबाय म्हणजे आजोबा, दुसरं काही नाही. चार वर्षांच्या पोराने माझ्याकडे पाहिलं, किंकाळी फोडली आणि तो थेट कोंबड्यांच्या खुराड्यात शिरला. मागाहून लारिसाने खाली मान घालून सांगितलं, की रव्याची खीर संपवली नाही तर बाबाय पोत्यात घालून नेतो, असं त्याला घरी सांगतात. घरी म्हणजे कोण, ते तिने सांगितलं नाही. (मी विचारलंही नाही. मी सभ्य माणूस आहे.)

तुमच्या रशियनमध्ये बाबाय हा बागुलबुवा, हे मला ठाऊक आहे. मी पुस्तकं धुंडाळली. कोणी म्हणतं, शब्द आमच्याकडूनच तुमच्याकडे आला आणि आमच्या पूर्वजांच्या स्वाऱ्यांची धास्ती त्यात उरली. कोणी म्हणतं, पोरांच्या बोबड्या बोलातून तो आपसूक घडला. विद्वानांचं भांडण विद्वानांना लखलाभ. पण आमच्या घरात ज्याला आधी ताट वाढतात, त्याच्या हाती तुम्ही पोतं द्यावं? आता मला पाहिलं की रेनात घाईघाईने वाटी चाटून पुसून रिकामी करतो. राशिदा म्हणते, "राहू द्या असंच. कधी नव्हे ते घरात उपयोगी पडताय!"

शेवटी शेजारच्या वेनियामिनला गाठलं. तो उदमुर्त. त्यांची भाषा तुमच्या-माझ्या दोन्हींहून निराळी, फिनलंडवाल्यांच्या कुळातली. पण हा शब्द त्यांनी आमच्याकडून घेतला आणि नीट सांभाळला. त्यांचा तोल बाबाय, म्हणजे हिवाळ्याचा आजोबा, नवीन वर्षाला मुलांना खाऊ वाटतो. म्हटलं, बाबाय किती प्रेमळ असतो ते पोराला कळू दे. वेनियामिन झगा चढवून दारात आला आणि गरजला, "तोल बाबाय आलाय!" पाठीवर बर्चच्या सालीची करंडी, नेमकी चार वर्षांचं पोर मावेल एवढी. रेनात टेबलाखाली. मी समजूत घालायला वाकलो, तर आतून आवाज आला, "आई, आता दोन झाले!"

राशिदा म्हणाली, "जन्मभर भाषणं ठोकलीत, एक पोर पटवता येईना!"

विहीणबाई, सुट्टी संपत आली. जाण्याआधी त्याने एकदा तरी माझ्या मांडीवर बसावं, एवढीच माझी इच्छा. म्हणून ठणकावून मागतो: खिरीसाठी दुसरा कोणी धरा. लांडगा आहे, अस्वल आहे, वीजबिलवाला आहे. आमचा आजोबा आम्हाला परत करा.

आपला,
रिफकात

ता. क. पाकीट बंद करणार तोच रेनात आला. स्वतःहून. बराच वेळ दाराआड घुटमळला, मग मांडीवर चढला, दाढी ओढून ती खरी असल्याची खात्री केली आणि कानात कुजबुजला, "बाबाय, तू मोठ्या माणसांना पण नेतोस?"

"कोणाला न्यायचंय?"

"इझेव्स्कच्या आजीला. ती पण खीर खात नाही. तिला इकडे आण ना."

दुसरा ता. क. वरची मागणी रद्द समजा. खिरीला बाबायच राहू द्या. मी पोराला शब्द दिलाय. हे पत्र घेऊन इलनूर तुमच्या दाराशी उभा असेल, गाडी चालूच असेल. लोकरीचे बूट चढवा आणि निमूट गाडीत बसा.