डांबरावर पळालेली कुत्री

आबा,

तुमच्या कारवानी कुत्रीची पणती सध्या माझ्याकडे आहे. विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत जुन्या सतरंजीवर ती पडून असते आणि सकाळ-संध्याकाळ मी तिच्यापुढे बसून तिचे पाय मांडीवर घेते. तेच लांब तोंड, तीच आत ओढलेली कंबर, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. शेजारच्या वहिनी पहिल्या दिवशी म्हणाल्या, "अहो, खायला घालत नाही का हिला?" मी सांगितलं, ही जातच अशी, सशामागे पळणारी. मग त्यांचं लक्ष पायांकडे गेलं. चारही पंजांखालच्या गाद्या सोलून निघाल्या होत्या. पुढच्या उजव्या पायाची मोठी गादी एका कडेला लोंबत होती आणि आत नुसतं लाल मांस.

तुमच्या धाकट्यानं तिला आणलं ती दुपार अजून डोळ्यांपुढून जात नाही. आटपाडीहून मित्राच्या पिकअपमधून तो आला, कुत्री स्वतःच्या शर्टात गुंडाळलेली, अंगावर नुसतं बनियन. जिना चढून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आक्का, बघ की गं हिला."

"काय केलंस?"

"पळवली जरा."

"कुठं?"

"रोडला."

आबा, तुमचा माळ आता राहिलेला नाही. अर्धा सोलरच्या कुंपणात गेला, उरलेल्यात डाळिंबं लागली. पोरं कुत्री पळवतात ती नव्या डांबरी रस्त्यावर, मोटरसायकलच्या बरोबरीनं. मागे बसलेला मोबाइलवर गाडीच्या स्पीडच्या काट्याचं शूटिंग करतो, कुणाच्या कुत्र्यानं काटा कुठवर नेला ते गावभर फिरतं. आणि वाहनं कमी असतात म्हणून हे सगळं भर दुपारी, उन्हाळ्यात. मी विचारलं, "तुझ्या पायात चप्पल होती ना?" पंजा नाकाजवळ घेतला तर भपकन वास आला. "फिनेल लावलंस?" तर म्हणतो, "बैलाच्या खुराला लावतोयच की आपण. आळ्या पडत न्हाईत." खुराला चालतं ते या मऊ मांसाला कसं चालेल, आणि कुत्री जखम चाटते, बैल चाटत नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिची जीभही पोळली होती. मग तो बेसिनपाशी गेला आणि किती तरी वेळ तोंडच धूत राहिला. त्याला मी अजून काय बोलणार होते?

तिचा पाय हातात घेतला की मला आपलं सैपाकघर दिसतं. तुम्ही माळावरून आलेले असता, अजून नीट उजाडलेलं नसतं. चुलीवरचं कोमट पाणी पितळीत घेऊन, चिमूटभर मीठ टाकून तुम्ही कुत्रीचा एकेक पंजा त्यात बुडवता, बोटांच्या बेचक्यातली कुसळं नखानं काढता आणि शेवटी वाटीतलं लोणी तिच्या तळव्यांना चोळता. आई भाकरी थापत असते. "आवं, माझ्या टाचंला भेगा पडून रगात येतंय, ते दिसंना व्हय कुणाला? कुत्रीला मातूर लोणी!" तुम्ही मान वर न करता म्हणता, "तू कुठं ससा आणलास आज?" "आणते की! शिजवाय तेवढं तुमी बसा." मी दप्तर भरता भरता हसते. आणि एकदा तुम्ही मला पट्टी बांधायला दिलीत. मी घट्ट गुंडाळली, वर फुलासारखी गाठ मारली, कौतुकाची वाट बघत बसले. दुपारी पंजा सुजला. तुम्ही गाठ सोडलीत आणि आवाज न चढवता म्हणालात, "पाय हाय त्यो. गठुडं न्हवं. रगात कुठनं फिरंल?" त्या आवाज न चढवण्यानंच मी रडले होते. तेव्हापासून पट्टी कुणाचीही असो, मुलांची, सासूबाईंची, आत बोट सरकतंय का ते मी आधी बघते.

इथले जनावरांचे डॉक्टर मात्र लोणी नको म्हणाले. सलाइनच्या पाण्यानं धुवा, मलम, कापूस, सैल पट्टी, वरून मोजा, आणि चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा कर्णा. कर्णा घालून ती दाराच्या चौकटीला थडकायची आणि मागे सरून आपल्याकडे असं बघायची, जणू चौकट मीच मध्ये आणून ठेवलीय. जखम धुताना ती चावली नाही कधी. नुसती थरथरायची, माझ्या मांडीलाही ती थरथर लागायची. हे दुखणं तुझ्या भल्यासाठी आहे, असं मी तिला म्हणत होते. हळूहळू कडेनं गुलाबी कातडी धरायला लागली, आणि माझ्या लक्षात आलं की जसजशी ती बरी होतेय तसतशी मी घाबरतेय.

कारण धाकट्याचा रोज फोन. आधी नुसतं, "खाती का? पाय टेकती का?" मग एक दिवस, "आक्का, जत्रा आलीया." जत्रेत कुत्र्यांच्या शर्यती असतात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, ही कातडी कोवळी आहे, एवढ्यात पळवली तर पुन्हा फाटेल, आणि या खेपेला कायमची लंगडेल. मी ते शब्दाला शब्द सांगितलं. तो म्हणाला, "डाक्टरला काय, त्यांनी पॉमेरियन बघितल्याली."

रविवारी तो आला. जिन्यात त्याचा आवाज ऐकला आणि ती उठली. मोजे घातलेले चार पाय फरशीवर घसरत, कर्णा भिंतीला आपटत ती दाराकडे धावली, शेपटीनं माझा चहाचा कप पाडला. "बघ, बघ! पळाय बघतीया."

"तिला काय कळतंय?"

"तिला न्हाई कळत? मग तुला कळतंय व्हय? आबांच्या घरातलं कुत्रं हाय ते. फ्लॅटात मोजं घालून बसाय न्हाई. आबा असतं तर..."

आबा असते तर. हेच तर मीही म्हणायला तोंड उघडलं होतं. आणि नेमकी ती सकाळ आठवली. तुमच्या पलटणीतले दोस्त साताऱ्याहून शिकारीला आले होते. आदल्याच दिवशी कुत्रीचे पाय फुटले होते. तुम्ही तिचा पंजा उचलून बघितलात, मग अंगणात बूट बांधत थट्टा करणाऱ्या त्या माणसांकडे बघितलंत, आणि शीळ घातलीत. ती उठली. लंगडत, शेपटी हलवत उठली. परत येताना ती तुमच्या खांद्यावर होती. त्या दिवशी पाहुण्यांना वाढलेलं मटण तुम्ही खाल्लं नाहीत, गोठ्यात तिच्याजवळ बसून राहिलात. आईनंसुद्धा टोमणा मारला नाही. मला आजवर वाटायचं, ते गोठ्यात बसलेले आबा खरे. धाकट्याला शीळ घालणारे आठवत असतील. तो तेव्हा लहान होता, तुम्हाला बोलवायला गोठ्यात मला पाठवलं होतं, त्याला नाही. मग मी तुमचं नाव कुठल्या तोंडानं घेऊ? फरशीवरचा चहा पुसत राहिले.

घर, रान, गोठा त्याच्याकडे राहिला तसा तुमच्या कुत्रीचा वंशही. मला ते कधी वावगं वाटलं नाही. तो वाईट नाही, आबा. शर्यत जिंकली की तिला उराशी धरून रडेल आणि हरली तरी उपाशी ठेवणार नाही. फक्त तिच्या पायांवर त्याचा जीव नाही, तिच्या पळण्यावर आहे. तिचा स्वतःचाही तिथंच आहे, हे मी रोज बघते. झोपेत तिचे पाय हलतात. अशा दोघांच्या मध्ये मलमाची ट्यूब घेऊन मी कोण उभी राहणार?

उद्या तो न्यायला येतोय. आज सकाळी पट्टी सोडली तर आत काही नव्हतं. जखम बुजलीय, गुलाबी जाऊन कातडी काळसर होत चाललीय. आता पट्टीची गरज नाही, मोकळा पाय ठेवा, असं डॉक्टरही परवा म्हणाले होते. मी तरी कापूस ठेवला, नवी पट्टी गुंडाळली, वर मोजा चढवला. धाकट्यानं विचारलं तर अजून ओल आहे म्हणून सांगणार आहे. तो अंगठ्यानं दाबून बघेल, आणि त्याला कळेल. खोटं टिकणार नाही हे मला माहीत आहे. तुम्हाला हे कधी पोहोचायचं नाही, म्हणूनच लिहितेय. मी पट्टी हातात घेतली तेव्हा तिनं पाय स्वतःहून पुढे केला होता.