गाळा क्र. १७ मध्ये आढळलेल्या चारशे चौदा इसमांबाबत

प्रति,
मा. बाजार अधीक्षक,
बाजार व गाळे विभाग,
दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

विषय : मोबाइलवरील थेट प्रक्षेपण बंद करण्याचे हमीपत्र देण्यास नकार कळविण्याबाबत.

संदर्भ : चालू महिन्यातील आपली (१) गर्दीबाबतची नोटीस, दि. ३, (२) स्मरणपत्र, दि. ११, (३) गाळा सील करण्याबाबतची अंतिम नोटीस, दि. १९.

महोदय,

मी खाली सही करणारी, गाळा क्र. १७ ची परवानाधारक, गेली एकवीस वर्षे शिलाई यंत्रे दुरुस्त करते. हे काम मला कोणी शिकवले नाही. सासूबाईंचे यंत्र अडले, कारागीर ‘येतो, येतो’ म्हणत महिनाभर आला नाही, तेव्हा मी जमिनीवर चादर अंथरून ते उघडले आणि जो भाग ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने रांगेत मांडत गेले. आजही तसेच करते. हे सांगण्याचे कारण असे की, अंतिम नोटिशीत माझा उल्लेख ‘मनोरंजनाचा कार्यक्रम करणारी महिला’ असा झाला आहे. मी कधी कोणाचे मनोरंजन केल्याचे माझ्या घरच्यांनाही आठवत नाही.

१. झाले ते असे. माझा गाळा सहा फूट बाय आठ फूट आहे. ‘गाळ्यात एका वेळी पाचपेक्षा अधिक इसम जमवू नयेत’ हा नियम मला मान्य आहे. मोडायचा म्हटला तरी सहाव्या इसमाला यंत्राच्या पायडलवर बसावे लागेल. रोज दुपारी चार ते पाच मी हातातले काम मोबाइलवरून जसेच्या तसे दाखवते. दि. २ रोजी आपले निरीक्षक आले, तेव्हा आत मी आणि मोबाइल धरून बसलेल्या माझ्या थोरल्या नणंदबाई, अशा दोघीच होतो. पडद्याच्या कोपऱ्यात डोळ्याच्या चित्राशेजारी ३४० हा आकडा होता. निरीक्षकांनी विचारले, “हे काय?” वन्सं सरळ स्वभावाच्या. म्हणाल्या, “माणसं आहेत. बघायला आलीत.” एवढ्यावर पंचनाम्यात नोंद झाली : ‘गाळ्यात परवानाधारकासह ३४२ इसम आढळले.’

२. दि. ३ च्या नोटिशीने मला सदर इसमांसाठी पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा यांची सोय करण्यास सांगितले. सर्व इसम आपापल्या घरी असून तेथे त्यांची सोय आहे, असे मी लेखी कळविले. त्यावर स्मरणपत्र आले की, तसे असल्यास प्रत्येक इसमाची सही असलेली हजेरीवही सादर करावी. वही आणली आहे. सह्या कोणाच्या घ्यायच्या, तेवढे कळवावे.

३. दि. १८ रोजी निरीक्षक फेरतपासणीस आले. या खेपेस त्यांनी खात्रीसाठी स्वतःच्या मोबाइलवर माझे प्रक्षेपण उघडले. त्याबरोबर ४११ चा आकडा ४१२ झाला. चारशे बारावा इसम म्हणजे ते स्वतः. त्यांनी तोही लिहून घेतला, आम्हा दोघींना मिळवले आणि बेरीज ४१४ केली. शेजारचे कुलूपवाले काका म्हणाले, “साहेब, तुम्ही तरी बाहेर या, तेवढीच गर्दी कमी.” याची नोंद ‘शेजाऱ्यांनी हुज्जत घातली’ अशी झाली आहे. काका हुज्जत घालत नाहीत. त्यांना राहवत नाही, इतकेच.

४. ‘अशा प्रक्षेपणाचा व्यवसायास नेमका उपयोग काय?’ असे अंतिम नोटिशीत विचारले आहे. प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पूर्वी गिऱ्हाईक दारात उभे राहून विचारी, “मालक कुठे गेलेत?” मी म्हणे, “मालकच बोलतेय.” मग ते यंत्र काखेत घट्ट धरून ‘पुन्हा येतो’ म्हणत निघून जाई. बाईच्या हाती स्क्रू-ड्रायव्हर बघून लोकांना आपले यंत्र परत मिळणार नाही असे का वाटते, हे मला कळलेले नाही. आता ते आधी चार दिवस लांबून माझे हात बघतात आणि मग येतात. मालक कुठे आहेत, असे गेल्या वर्षभरात कोणी विचारलेले नाही.

तयार करून, कापून-छाटून दाखवलेल्या चित्रफितीने हे झाले नसते. एकदा काम चालू असताना ताणाची स्प्रिंग उडाली. मी अकरा मिनिटे गुडघ्यांवर रांगत होते. वन्संनी लाजून मोबाइल छताकडे फिरवला, तर लोकच ओरडू लागले (म्हणजे लिहू लागले), “खाली दाखवा, खाली!” शेवटी एका अनोळखी बाईंनी लिहिले, “ताई, तेलाच्या डब्यामागे चमकतंय.” स्प्रिंग तिथेच होती. मला वाटले, संपले, आता कोण येतेय आपल्याकडे! दुसऱ्या दिवशी सात यंत्रे आली. ती घेऊन आलेल्यांतल्या एकीने सांगितले, “तुम्ही हरवलेलं शोधता. बाकीचे दुसरंच काहीतरी बसवून देतात.”

आणखी एक. लांबच्या गावच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना सकाळी शाळेचे चाळीस गणवेश द्यायचे होते, आणि यंत्र टीपच धरेना. त्यांनी लाइव्हमध्येच आपला कॅमेरा जोडून रडत विचारले. मी सुई दाखवायला सांगितली. सुई उलटी बसली होती. “अगं, तिची पाठ फिरव,” म्हटले, तेव्हा चार मिनिटांत टीप पडली आणि तिच्यासकट चारशे लोकांनी हुश्श केले. त्या दिवशी मला एक दमडी मिळाली नाही. पण आज तिच्या गावातली सहा यंत्रे माझ्याकडे दुरुस्तीला आहेत.

वन्संविषयी लिहावे की नाही, ठरत नव्हते, लिहितेच. त्यांचे यजमान वारल्यापासून पाच वर्षे त्या घरात कोणाशी चार शब्दांवर बोलत नव्हत्या. आता त्या लोकांचे प्रश्न मोठ्याने वाचतात, आणि कोणी घाई केली तर दरडावतात, “वाचतेय ना? दम धरा की जरा!” हा व्यवसायाचा फायदा आहे की नाही, ते आपण ठरवावे. मी तो धरला आहे.

५. अंतिम नोटिशीसोबत आलेल्या हमीपत्रावर सोमवारपर्यंत सही न केल्यास गाळा सील होईल, असे कळविले आहे. गाळ्यात आज सत्तावीस यंत्रे आहेत. ती माझी नाहीत. ज्या बायकांची आहेत, त्यांचे घर त्या चाकावर चालते, आणि यंत्र घेताना मी प्रत्येकीला परत देण्याचा वार सांगितला आहे. सील लागले तर सत्तावीस घरांतले काम थांबेल. सही केली तर यंत्रे परत जातील, पण पुढची येणार नाहीत, आणि मी पुन्हा ‘मालक कुठे आहेत’ याचे उत्तर देत बसेन. दोन्ही मला मंजूर नाहीत.

६. तरी नियमावली मी तीनदा वाचली. ‘इसम’ म्हणजे आत उभा असलेला, असे तीत स्पष्ट आहे. जे आत नाहीत त्यांना बाहेर काढण्याचा मार्ग मला सापडत नाही, आणि सापडला तरी मी त्यांना काढणार नाही. थेट दाखवण्यास परवानगी लागते, असेही तीत कुठे नाही. म्हणून या अर्जात मी परवानगी मागितलेली नाही. नोटीस मागे घ्यावी, एवढीच मागणी आहे.

मागे घेणे शक्य नसल्यास सील लावण्यास सोमवारी दुपारी बरोबर चार वाजता यावे. सकाळी येऊ नये. सकाळी बघायला कोणी नसते. येणाऱ्या कर्मचाऱ्याने दाराच्या डाव्या अंगाला उभे राहावे, उजवीकडून हातांवर सावली पडते. यंत्रे आत ठेवून दार बंद करायचे झाल्यास, आधी एकेक यंत्र कोणाचे ते मी वाचून दाखवीन आणि मगच बाजूला होईन. सत्तावीस नावे आहेत, वेळ लागेल. वन्संना सांगून ठेवले आहे की काहीही झाले तरी मोबाइल हलू द्यायचा नाही.

आपली नम्र, पण जागची न हलणारी,

(सही)
परवानाधारक, गाळा क्र. १७
दि. २०, शुक्रवार

सोबत :
१) तिन्ही पत्रांच्या प्रती.
२) गाळ्याचे मोजमाप, कुलूपवाले काकांच्या साक्षीच्या सहीसह.
३) हजेरीवही, कोरी.
४) हमीपत्र, आले तसेच परत.