मधलं मृत्युपत्र

ताई,

बाबांच्या कपाटात तीन मृत्युपत्रं सापडली. पहिल्यात सगळं आईच्या नावे. शेवटच्यात घर आपल्या दोघींना निम्मं-निम्मं. तू राहतेस तेच घर, जे विकायचं म्हणून मी अडून बसलेय. मधलं आई गेल्यानंतरचं. बाबांना काही झालं तर सहा वर्षांच्या मला तू सांभाळशील, असं त्यात आहे. खाली तुझी संमतीची सही, वय एकोणीस. त्याच महिन्यात तू परदेशी शिकायला जायचं रद्द केलंस. त्यावरून मी तुला आजवर भित्री म्हणत आले.

फार दमलेय. हे पत्र मिळालं तर तू फक्त "शहाणे, जेवलीस का?" विचारशील, म्हणून पाठवत नाही. घर विकायचं नाही, असं उद्या वकिलांना कळवते. तू कारण विचारशीलच. सध्या भाव पडलेत, असं सांगेन.

तुझी धाकटी