माझ्या हाताचा हातोडा

रविवार, संध्याकाळ

लेक पुण्याच्या नव्या घरात गेला आणि जाताना हत्यारांची पेटीच घेऊन गेला. नेऊ दे. पण इथे खिळा मीच ठोकते, ह्यांना कुठे जमतं?

म्हणून आज दोघं सामरवरणी गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने भलामोठा हातोडा ह्यांच्याच हातात दिला. “लो साहेब, मजबूत है.” मी तोवर पक्कड मिटून ट्यूबलाइटसमोर धरली. जबड्यातून उजेड दिसला, परत केली. दुसरीतून दिसला नाही, ती घेतली.

हातोड्यावर मात्र अडले. जुना इतका जड की मी त्याचा दांडा कायम वर लोखंडाजवळ धरायचे. वाटायचं, मलाच नीट ठोकता येत नाही. हातोडाच माझ्या हाताचा नव्हता, हे एवढ्या वर्षांत सुचू नये? हलका मागितला. दांडा टोकाला धरून पाहिला, मूठ पक्की बसली. तोच घेतला.

घरी ह्यांनी तो उचलून पाहिला. “दांडा बारीक आहे गं. माझ्या हातात बसत नाही.”

म्हटलं, “होईल सवय. मला झालीच होती ना त्या जुन्याची.”